बारी तिकडची

आमच्या उमरीच्या घरात भांडणंसुद्धा बारी-बारीनं चालायची. आई चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता एखादा टोला हाणायची आणि आबांचं उत्तर येईपर्यंत तोंड मिटून तव्याकडं बघत राहायची. आबा उत्तराला वेळ घ्यायचे. पेटीचा भाता हलवून एक सूर धरायचे, आईच्या ओळीतला शेवटचा शब्द उचलायचे आणि त्याच्यावरच आपली ओळ बांधायचे. "तेल सरलं, मीठ सरलं, सरली घरची डाळ," असं आईनं म्हटलं की आबा डोळे मिटून, "डाळीपायी रुसली राणी, मला आला काळ," असं काहीतरी गाऊन मोकळे. आई हसू दाबायला भाकर उगीचच जोरात उलटायची. डाळ मात्र संध्याकाळी यायची. आमच्याकडं भाजून दळलेल्या येसराच्या मसाल्याची आमटी असायची, अंबाडीची भाजी असायची, लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी असायची, आणि या सगळ्याला पेटीचा सूर लागलेला असायचा. पेटी वाजत नसेल तर शेजारच्या काकू डोकावून विचारायच्या, "काय गं, बरं न्हाई का सुज्याच्या बापाला?" सुज्या म्हणजे मी, सुजाता.

आबा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शिपाई होते, पण ते पोटासाठी. त्यांना कुणी 'तुम्ही काय करता' विचारलं तर ते 'गायन पार्टी हाय आपली' असं सांगायचे. जयंतीच्या दिवसांत आमच्या भागातल्या बौद्ध वस्त्यांमधून या पार्ट्यांचे, म्हणजे गायन मंडळ्यांचे, मुकाबले लागायचे. जंगी मुकाबला, असंच पोस्टरवर छापलेलं असायचं. एका स्टेजवर दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एका पार्टीनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याला गाण्यातच जवाब देऊन वर आपला सवाल टाकायचा, की बारी पुन्हा पहिलीकडं. परीक्षक नाही, घंटा नाही, गुण नाहीत. लोक उठून गेले नाहीत म्हणजे मुकाबला चांगला चाललाय, एवढाच हिशेब. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका भांडी घासताना ज्याच्या ओळी म्हणत त्यावरून कळायचं.

या मुकाबल्याचा एक रिवाज होता आणि माझी सगळी गोष्ट त्या रिवाजावर अडखळून पडली, म्हणून तो नीट सांगते. समोरची पार्टी अडली, तिला जवाब सुचेना, की हसायचं नाही. आपली पेटी थांबवायची, उभं राहायचं, आणि समोरच्यांच्या वतीनं आपणच एक ओळ गायची. त्यांनी ती उचलायची. याला 'हात देणं' म्हणायचे. आणि ज्याला हात मिळाला त्यानं पुढच्याच बारीत, गाण्यात, माईकवर, हात देणाऱ्याचं नाव घ्यायचं. तोवर हात देणारा उभाच असायचा. नाव घेतलं की तो बसायचा आणि मुकाबला पुढं चालू. उदगीरकडची एक बाई गायची, आवाज असा की मांडवाचं कापड थरथरावं. एकदा ती आबांच्या सवालावर अडली. आबा उठले, तिला ओळ दिली आणि उभे राहिले. तिनं ती ओळ घेतली, फिरवली, आणि पुढच्या कडव्यात 'उमरीच्या पेटीवाल्या भावा, तुझा उपकार' असं गाऊन अख्खा मांडव डोक्यावर घेतला. आबा बसले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मी आईच्या मांडीवरून बघत होते. माणसाला हरवण्याच्या खेळात माणसाला इतकं वर उचलता येतं, हे मी तिथं शिकले. पुढं लातूरला जाऊन मला दुसरंच शिकायचं होतं.

दहावीला मार्क चांगले पडले आणि मला लातूरला धाडलं. आमच्याकडं मार्क चांगले पडलेल्या पोरांना लातूरला धाडतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. एका गल्लीत चार पोरींची खोली, भिंतींवर रसायनशास्त्राची सूत्रं चिकटवलेली, आणि मेसचा डबा. त्या डब्यातल्या आमटीचा रंग मला आजही आठवतो. तिच्यात येसर नव्हता, लसूण नव्हता, कुणाचा हात नव्हता. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. टेस्टचा निकाल भिंतीवर लागायचा आणि त्याच्याखाली पोरी उभ्या राहून रडायच्या, तेही बारी-बारीनं. पेटी कुठंच ऐकू यायची नाही.

तेव्हा फोन हातात नव्हते. क्लासच्या खालीच एक नेट कॅफे होता, लाकडी खोपट्यांचा, पडद्यांना घामाचा वास येणारा. तिथं माझ्या खोलीतल्या एकीनं मला 'हजरजवाब' दाखवलं. इंटरनेटवरचा कट्टा होता तो. नांदेड-लातूरकडची पोरं-पोरी, चार मास्तर, दोन-तीन बँकेतले लोक, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. एकानं दोन ओळींचा सवाल टाकायचा, दुसऱ्यानं दोन ओळींत जवाब द्यायचा आणि त्यावर नवा सवाल टाकायचा. मी पडद्याआड बसून ते वाचलं आणि मला चक्क रडू आलं. हे तर आमच्या घरातलं होतं. नुसता आवाज काढून घेतलेलं.

सुरुवातीचे महिने सोन्याचे होते, हे मी नाकारत नाही. साखळी असायची, म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा भिडायचं, आणि दोघं दमेपर्यंत चालू ठेवायचं. कुणी जिंकायचं नाही. तिथंच मला शिवलीला भेटली. निलंग्याची, बापाचं किराणा दुकान, माझ्याहून एक वर्षानं धाकटी, मला 'अक्का' म्हणायची. मिरचीवर, दळणावर, बसच्या खिडकीवर, कशावरही तिचा जवाब टपकन यायचा. तिची ओळ वाचताना मला तिच्या दुकानातल्या गुळाचा वास यायचा. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. ती लिहायची, "अक्का, लाइट गेली तर उशीर होईल हां, इथं लई लोडशेडिंग हाय." मी वाट बघायचे. वाट बघण्यात मजा होती.

हा कट्टा चालवत होते अनंत सर. आमच्याच क्लासचे मालक. ही गोष्ट मला नंतर कळली आणि तेव्हाच मी बाजूला व्हायला हवं होतं, पण सतराव्या वर्षी कुणाला असलं सुचतं? सरांना कविता आवडायची असं ते सांगत. मला वाटतं, त्यांना कवितेपेक्षा कवितेचा निकाल आवडायचा. एका रविवारी कट्ट्यावर सूचना आली की यापुढं स्पर्धा बाद पद्धतीनं होईल. हरला तो बाहेर. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग बाद पद्धत अन्यायाची आहे असं दोघं-चौघं कुरकुरले, तर सरांनी गट पाडले, गटात साखळी, गटातले वरचे दोघं पुढं, पुढं पुन्हा बाद. मग यमकाला इतके गुण, आशयाला इतके, वेळेला इतके. मग, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही, यमक चुकलं तर गुण वजा. निगेटिव्ह मार्किंग! दोन ओळींच्या जवाबाला! ज्या लोकांनी माझ्यासमोर गुळाच्या वासाच्या ओळी लिहिल्या होत्या ते आता एकमेकांच्या मात्रा मोजून सरांकडं तक्रारी करू लागले. 'हिचा जवाब मुदत संपल्यावर आला आहे, कृपया नोंद घ्यावी.' हे वाक्य एका बँकेतल्या गृहस्थानं माझ्याबद्दल लिहिलं होतं. नेट कॅफेतली लाइट गेली होती, एवढंच.

मला या सगळ्याची किळस यायला लागली होती, तरी मी खेळत राहिले. कारण सरांनी जाहीर केलं होतं की अंतिम फेरीचे शेवटचे सवाल-जवाब क्लासच्या स्नेहसंमेलनात, स्टेजवर, माईकवर होतील. माईक! आबांनी मला कधी माईकवर ऐकलं नव्हतं. त्यांची पार्टी तोवर मोडली होती. वस्त्यांमध्ये डीजे आले, मुकाबल्यांची पोस्टरं छापायची बंद झाली, त्यांचा ढोलकीवाला पुण्याला वॉचमन म्हणून गेला. आबांची पेटी खाटेखाली गेली. मी शेजारच्या दुकानातल्या फोनवर त्यांना सांगितलं, "आबा, मुकाबला हाय. स्टेजवर." पलीकडून म्हणाले, "समोर कोण हाय?" 'किती मार्क', 'काय बक्षीस', असलं काही नाही. समोर कोण आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, निलंग्याची एक पोरगी आहे, लई भारी बोलते. "मंग मी येतो," म्हणाले. मला त्या स्टेजवर उभं राहायचं होतं आणि आबांना खाली पहिल्या रांगेत बघायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

अंतिम फेरी शिवलीला आणि मी. सरांनी कट्ट्यावर मुदत घातलेली, सवाल पडल्यापासून ठरल्या वेळेत जवाब आला नाही की बाद. मी सवाल टाकला:

"दार लावलं, कडी घातली, घर केलं बंद,
सांग सखे, आत कसा आला भाकरीचा गंध?"

जवाब येईना. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी दोनदा जिना उतरून नेट कॅफेत जाऊन आले. मला माहीत होतं, निलंग्याला लाइट नसणार. मुदत संपत आली आणि मी त्या खोपट्यात बसून आपोआप ते केलं जे मी लहानपणापासून बघत आले होते. शिवलीला अडली होती. मी पेटी थांबवली, उभी राहिले. 'शिवलीलाच्या वतीनं' असं वर लिहून खाली ओळी टाकल्या:

"दार तुझं लाकडाचं, भिंत तुझी मातीची,
वाऱ्यानं का पुसली कधी भाकर कुण्या जातीची?"

आणि हलक्या पायांनी खोलीवर गेले. त्या दिवशी मेसची आमटीसुद्धा खाल्ली. आता तिची लाइट येईल, ती माझी ओळ उचलेल, माझं नाव घेईल, आणि पुढं चालू. मला दुसरं काही शक्य वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. केबिनच्या भिंतीवर गुणवंतांचे फोटो होते, सगळ्यांच्या गळ्यात हार, सगळ्यांचे चेहरे दचकल्यासारखे. सर गोड बोलायचे. गोड बोलणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून धास्ती बसलीय.

"बेटा, तू स्वतःच सवाल टाकला आणि स्वतःच जवाब दिला. लागोपाठ दोन नोंदी. नियमात बसत नाही ते."

"सर, ती अडली होती. मी हात दिला."

"हात म्हणजे?"

मी सांगितलं. मुकाबल्याचं, आबांचं, उदगीरच्या बाईचं, सगळं. सर मान हलवत ऐकत होते. क्लासमध्ये एखादं पोरगं चुकीच्या पद्धतीनं गणित सोडवत असलं की ते अशीच मान हलवायचे.

"छान आहे हे. लोककला आहे," ते म्हणाले. "पण फॉरमॅटमध्ये हात नाही. तू बाद आहेस, बेटा."

"मग शिवलीला? तिचा तर जवाबच आला नाही."

"आलाय की. तिच्या नावानं नोंद आहे. तूच केलीस ना?" आणि ते हसले. "अंतिम फेरीला विजेता तर पाहिजे. कार्डं छापून झालीत."

मला कळेचना. ती नोंद माझी होती म्हणून मी बाद, आणि तीच नोंद तिची होती म्हणून ती विजयी. पुढं आयुष्यात मी पुष्कळ ऑफिसांमध्ये गेले, पुष्कळ साहेबांसमोर बसले, आणि हा हिशेब मला वेगवेगळ्या टेबलांवर पुन्हा पुन्हा दिसला. पण पहिल्यांदा दिसतो तेव्हा माणूस वेड्यासारखा बघत राहतो.

उमरीच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, आबांना सांगा, येऊ नका, मी स्टेजवर नाही. तरी संमेलनाच्या सकाळी आबा क्लासच्या गेटसमोर हजर. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत आईनं बांधून दिलेले धपाटे. मी म्हटलं, "निरोप मिळाला न्हाई का?"

"मिळाला की."

"मग कामून आलाव?"

"मुकाबला ऐकाया यायला आपलंच माणूस लागतं का?" आबा म्हणाले आणि वर बघू लागले.

गेटवर मोठा फ्लेक्स लावला होता. सरांचा फोटो, प्रमुख पाहुण्यांचा त्याहून मोठा फोटो, कोपऱ्यात शिवलीलाचा पासपोर्टएवढा फोटो आणि मधोमध लाल अक्षरांत 'वर्षातील सर्वोत्तम जवाब'. खाली माझ्या ओळी. आबांनी त्या ओठ हलवत वाचल्या. पहिली ओळ वाचून त्यांची मान डोलली. दुसरीवर थांबले.

"'भाकर कुण्या शेतीची'? हे कोण बोललं असं? वाऱ्याला शेतीचं काय करायचंय?"

मी वाचलं. खरंच तसं छापलं होतं. जातीची काढून शेतीची. मातीला शेती जुळते, यमकाचे गुण पूर्ण, आणि अर्थाचा मुडदा. 'आपला कट्टा सगळ्यांचा आहे, जात-बीत नको,' असं सर नेहमी म्हणायचे, ते मला आठवलं. ओळ उचलून नेली ते नेली, वर तिला अंघोळ घालून शुद्ध करून नेली. आजही कुणी मला 'हे जरा सगळ्यांना चालेल असं करा' म्हटलं की मला तो लाल अक्षरांचा फ्लेक्स दिसतो आणि तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

"'जातीची' होतं, आबा," मी म्हटलं. "माझी ओळ हाय ती. ती अडली तवा मी हात दिला होता."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा फ्लेक्सकडं. "हां, मंग बराबर हाय," एवढंच म्हणाले. "चल, आत जाऊ. आता ती नाव घील."

मी त्यांना काय सांगणार होते? आम्ही मागं बसलो. पुढच्या रांगांवर 'पालक' अशा चिठ्ठ्या होत्या, पण त्या फोटोवाल्या मुलांच्या पालकांसाठी. स्टीलच्या बशांमधून चुरमुऱ्याचा सुशीला वाटला, तोही आमच्यापर्यंत येईस्तोवर गार झालेला. आबांनी तो खाल्ला नाही. मुकाबल्याआधी ते कधीच खात नसत.

पाहुण्यांचं भाषण झालं. मग शिवलीला स्टेजवर आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. बारकी, दोन वेण्या, नवा कडक ड्रेस. तिनं माझ्या ओळी म्हटल्या, फ्लेक्सवरच्या शेतीसकट. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे खूश होऊन माईकवर म्हणाले, "वा! आता याच्याच पुढचं एक कडवं होऊन जाऊ द्या, ताजं ताजं." शिवलीला उभी राहिली. उभीच राहिली. जी पोरगी मिरचीवर चुटकीसरशी चार ओळी लिहायची तिचं तोंड कोरडं पडलेलं मला मागून दिसत होतं. दुसऱ्याच्या ओळीला पुढचं कडवं कुठून लागणार, तेही ओळीतलं हाड काढून घेतल्यावर? सभागृहात खुसखुस सुरू झाली. सर स्टेजवरून हसत हातानं 'बोल, बोल' करत होते. मला वाटलं, बरं झालं. मी खोटं सांगणार नाही, मला फार बरं वाटलं.

आणि माझ्या शेजारी आबा उठले.

गळा खाकरला नाही, काही नाही. सरळ सूर लावला. पेटीसारखाच वर्षानुवर्षं खाटेखाली पडून राहिलेला आवाज होता तो, पहिल्या शब्दाला फाटला आणि दुसऱ्याला लागला:

"वारा फिरतो गावभर, त्याला नाही वेस..."

सगळ्या माना मागं वळल्या. आबांनी हात पुढं करून शिवलीलाला खूण केली, उचल. तिनं उचलली. कापऱ्या आवाजात तीच ओळ माईकवर म्हटली. आबांनी दुसरी दिली:

"माणसालाच उंबऱ्याची लागते गं ठेस."

तिनं तीही म्हटली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. जे काढून टाकलं होतं ते आबांनी दुसऱ्या दारानं पुन्हा आत आणून ठेवलं होतं, आणि ते तिथं बसलेल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पाहुण्यांनी शिवलीलाच्या हातात ट्रॉफी दिली, फोटोवाले पुढं धावले, सरांनी माईक घेतला आणि म्हणाले, "ही आहे आपल्या क्लासची प्रतिभा!"

आबा उभे होते. दोन्ही हात पुढं बांधून, मान किंचित झुकवून. मला कळलं ते का उभे आहेत. त्या सगळ्या सभागृहात फक्त मला कळलं. हात दिला होता, आता नाव घेईपर्यंत बसायचं नसतं. शिवलीला ट्रॉफी धरून फोटोसाठी हसली. तिनं एकदा मागं आमच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला कॅमेऱ्याकडं वळवलं, आणि तिनं तोंड मिटलं. पुढचा कार्यक्रम सुरू झाला, एक डान्स होता. आबा उभेच. गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला घातलेला एक जण आला आणि म्हणाला, "काका, खाली बसा ना, मागच्यांना दिसत नाही." आबा बसले नाहीत. पिशवी उचलली आणि बाहेर गेले.

पाण्याच्या ड्रमापाशी शिवलीला धावत आली. ट्रॉफीला अजून प्लास्टिकची पिशवी होती. "अक्काच ना तू? मी तुझं नाव घेणार होते," ती म्हणाली, "सर म्हणले, नाव घेतलं तर जवाब तुझा न्हाई असं ठरतंय, मग फायनलच रद्द होतंय. माझे अप्पा सगळ्या दुकानदारांना घेऊन आलेत. काय करू मी?" तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग करता आला नाही, पण तिला जवळही घेता आलं नाही. मी ट्रॉफीकडं बघत राहिले. तिचा सोनेरी रंग बोटांना लागत होता. मला त्या रंगाची, त्या सभागृहाची, त्या गार सुशीलाची अशी काही शिसारी आली की मी तोंडावर पाणी मारलं आणि आबांच्या मागं निघाले.

त्यानंतर मी हजरजवाबवर गेले नाही. कट्टा आणखी काही वर्षं चालला आणि क्लासच्या जाहिरातीत विरघळून गेला. मध्यंतरी मी आता नोकरी करते त्या कॉलेजातल्या एका सहकारी बाईंनी मला असल्याच एका ऑनलाइन स्पर्धेची परीक्षक व्हाल का विचारलं. आता ओळी फोनवर टाकतात, मतं फोनवर पडतात, फेऱ्यांचे तक्ते रंगीत असतात. मी सगळा तपशील ऐकून घेतला आणि विचारलं, समोरचा अडला आणि आपण त्याला ओळ दिली तर? बाई गोंधळल्या, मग आयोजकांना विचारून सांगते म्हणाल्या. संध्याकाळी उत्तर आलं: 'तसं केल्यास दोघेही बाद.' निदान दोघंही, मी म्हटलं. तेवढी सुधारणा झालीय. आणि नकार कळवला.

संमेलनाच्या त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर आम्ही नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. आबांनी धपाटे सोडले, एक मला दिला, एक स्वतः घेतला. मी विचारलं, "कामून दिला तिला हात? माझं सगळं घेतलं तिनं."

"अडली होती," आबा म्हणाले. हे त्यांना एवढं उघड होतं की पुढं काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही. मग म्हणाले, "तू दिला तवा काय इचार केला होता का?"

मी खात राहिले. धपाट्यात आईनं लसूण सढळ हातानं घातला होता. गाडी लागली, आबा खिडकीशी बसले, आणि मला एकाएकी भीती वाटली की आज हा माणूस लातूरला हरून चाललाय, माझ्यामुळं. "आबा, घरी काय सांगणार?" मी खालून विचारलं. ते काही बोलायच्या आत गाडी हलली.

काय सांगितलं ते मला आईकडून कळलं, आणि पुढं आबा होते तोवर मी ते पुष्कळदा ऐकलं. वस्तीतलं कुणी आलं, लातूरच्या मुकाबल्याचं काय झालं, पोरगी जिंकली का हरली, असं विचारलं, की आबा खाटेवरून सावरून बसायचे आणि समोरचा माणूस चुकीचं बोलतोय अशा सुरात सांगायचे,

"संपलाय कुठं? चालू हाय आजून. बारी तिकडची हाय."